बारा स्तंभांत बसवलेला अर्ज

तारापूर एमआयडीसीत कामाला लागणाऱ्या माणसाला आधी अर्ज भरावा लागतो. नाव, आधार, बँक खाते, आयएफएससी, पीएफचा यूएएन क्रमांक. हल्ली हा अर्ज वेबपेजवर असतो, आणि माणूस तो गेटबाहेर उभ्याउभ्या मोबाईलवर भरतो. बोईसरमध्ये बसून मी असेच अर्ज बनवते. माझ्या मते अर्जाचे खरे काम त्याच्या मांडणीत आहे, आणि तिकडेच सगळ्यात कमी लक्ष दिले जाते.

मांडणीसाठी मी बूटस्ट्रॅप वापरते. ट्विटरमधल्या मार्क ओट्टो आणि जेकब थॉर्नटन यांनी बनवलेले हे फ्रेमवर्क, म्हणजे वेबपेज बांधायचा तयार साचा, ऑगस्ट २०११ मध्ये सर्वांसाठी खुले झाले. त्यात पानाची प्रत्येक ओळ बारा समान उभ्या स्तंभांत विभागलेली असते. बाराच का? बाराचे दोन, तीन, चार, सहा असे कसेही सारखे भाग पडतात. आपल्याकडे पूर्ण नाव तीन भागांत लिहितात, म्हणून स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव यांना चार-चार स्तंभ दिले की ओळ नेमकी भरते.

पण ही ओळ मोठ्या पडद्यासाठी. साधा अँड्रॉइड फोन साधारण ३६० पिक्सेल रुंदीचा धरला जातो. त्यावर तीन रकाने शेजारी बसवले तर टाइप केलेले आडनावही पूर्ण दिसत नाही. म्हणून मी प्रत्येक रकान्याला दोन सूचना देते: फोनवर बाराही स्तंभ घे, आणि पडदा ७६८ पिक्सेल किंवा त्याहून रुंद असला तरच चार घे. पहिली सूचना ‘कॉल-१२’, दुसरी ‘कॉल-एमडी-४’. एवढ्याने रकाने फोनवर एकाखाली एक येतात.

रकान्याची रुंदीही भरणाऱ्याशी बोलत असते. पिनकोड सहा अंकी, आयएफएससी अकरा अक्षरी, आधार आणि यूएएन बारा अंकी. पिनकोडला अख्खी ओळ दिली की माणूस थबकतो, इथे पूर्ण पत्ता लिहायचा का, असे विचारतो.

पत्त्याची ओळ तर इथल्या माणसांकडे बघूनच आखावी लागते. तयार नमुन्यांत फ्लॅट क्रमांक आणि रस्ता असतो. जव्हार-मोखाड्याहून आलेला कामगार पाडा आणि गाव सांगतो. म्हणून मी पाडा-गावाला सहा स्तंभ, तालुक्याला तीन आणि पिनकोडला तीन देते. जिल्ह्याचा रकाना वेगळ्या ओळीत. इथला पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून वेगळा झाला, त्याआधीच्या कागदपत्रांवर ठाणे आहे. यादीत दोन्ही नावे हवीत.

रकान्याचे लेबल मी डावीकडे न ठेवता वर ठेवते. मात्तेओ पेन्झो यांनी २००६ मध्ये नजरेचा माग घेऊन केलेल्या चाचणीत वरचे लेबल लवकर वाचले जाते असे दिसले होते. मराठीत त्याला आणखी एक कारण आहे. ‘पत्रव्यवहाराचा पत्ता’ हे डावीकडच्या अरुंद जागेत मावत नाही, तुटून दोन ओळींत जाते. ओळींमधले अंतरही इंग्रजीपेक्षा थोडे जास्त ठेवावे, म्हणजे वेलांट्या आणि उकार एकमेकांना भिडत नाहीत.

बारा स्तंभांच्या या जाळीत, म्हणजे ग्रिडमध्ये, रकान्यांचा क्रम नुसता दिसण्यापुरता बदलता येतो. ते टाळावे. टॅब कळ आणि अंधांसाठीचा स्क्रीन रीडर मूळ कोडच्या क्रमाने चालतात. डोळ्यांना एक क्रम आणि कानांना दुसरा, असे झाले तर अंध माणूस अर्जात हरवतो.

मार्च २०१७ पासून ब्राउझरमध्येच सीएसएस ग्रिड, म्हणजे पान ओळी-स्तंभांत मांडायची सोय, आली आहे, त्यामुळे फ्रेमवर्कशिवायही हे सारे जमते. तरी छोट्या कारखान्याच्या कामाला मी बूटस्ट्रॅपच घेते, कारण माझ्यानंतर तो अर्ज सांभाळणाऱ्याला ते बहुधा येत असते.

कारखानदारांना आणि ठेकेदारांना एवढेच सांगणे आहे: नवा अर्ज ऑफिसातल्या संगणकावर बघून पास करू नका. तुमच्याच एखाद्या कामगाराला त्याच्या फोनवर तो भरायला द्या, शेजारी उभे राहा आणि तो जिथे अडेल ती ओळ बदलून घ्या.