फिरत्या घराचीं चाकें

चाक फिरत असतें तोंवर त्याची कोणास आठवण होत नाहीं; तें अडलें म्हणजे मात्र सारा प्रवास तेथेंच थांबतो. कर्णासारख्या महारथ्याचा अंतहि रथाचें चाक ऐन वेळीं भूमींत रुतल्यानें ओढवला, ही कथा आपल्या घरांतील मुलांनाहि ठाऊक असते. तथापि प्रवासास निघतांना दशम्या, अंथरुणें आणि औषधांची पेटी यांची जितकी चौकशी होते, तितकी चाकांची होत नाहीं.

महाराष्ट्र शासनानें २०२१ मध्यें कॅराव्हान पर्यटनाचें धोरण जाहीर केल्यापासून फिरत्या घरांतून प्रवास करण्याची कल्पना आपल्याकडेहि परिचित होऊं लागली आहे. हीं घरें दोन प्रकारचीं असतात: एक स्वतःच्या इंजिनावर चालणारें, व दुसरें मोटारीच्या मागें जोडून ओढीत न्यावयाचें. या दुसऱ्यास ट्रेलर म्हणतात, आणि प्रस्तुत लेख त्याच्या टायरांविषयीं आहे.

समजा, असा ट्रेलर जोडून एखादें कुटुंब सातपुड्यांत धडगांवकडे निघालें. धडगांव हें नंदुरबार जिल्ह्यांतील अक्राणी तालुक्याचें मुख्य ठिकाण. तोरणमाळचें थंड हवेचें ठिकाण याच तालुक्यांत, आणि अश्वत्थाम्याच्या नांवाशीं निगडित असलेला अस्तंबा डोंगरहि येथलाच. तळोद्याहून धडगांवीं जातांना चांदसैलीचा घाट लागतो. तापीकांठच्या सपाटीवर उन्हाळ्यांत पारा चाळिसाच्या पुढें जातो. त्या तापलेल्या सडकेवरून आलेले टायर लगेच चढणीला आणि वळणांना लागतात. याच घाटांत १८ ऑक्टोबर २०२५ रोजीं अस्तंब्याच्या यात्रेहून परतणाऱ्या भाविकांच्या गाडीस अपघात होऊन कित्येकांचे प्राण गेले. त्या दुर्घटनेचा टायरांशीं संबंध जोडण्याचा माझा हेतु नाहीं. अशा वाटेवर लहानशा हयगयीचेंहि मोल किती मोठें असतें, एवढेंच सांगावयाचें आहे.

मोटारीच्या टायरपेक्षां ट्रेलरच्या टायरची प्रकृति वेगळी आहे. मोटारीच्या पुढच्या चाकांतील हवा कमी झाली तर चालकाच्या हातांतील स्टिअरिंग तें लागलींच सांगतें. मागून येणारा ट्रेलरचा टायर कांहींच बोलत नाहीं. त्याच्या चिंध्या होऊन ट्रेलर डोलूं लागला म्हणजे मग तें उमगतें, आणि डोलणारा ट्रेलर पुढच्या मोटारीसहि आपल्याबरोबर ओढतो. त्या मोटारींत सारें कुटुंब बसलेलें असतें.

दुसरी गोष्ट अशी कीं, मोटारीचा टायर धांवून झिजतो. ट्रेलरचा उभ्याउभ्याच म्हातारा होतो. वर्षांतील बहुतेक महिने तो अंगणांत एकाच जागीं भार सोशीत असतो. ऊन आणि हवेंतील ओझोन यांच्या योगानें रबर कठीण होतें व त्यास बारीक भेगा पडतात. वरची नक्षी मात्र नव्यासारखी दिसते. नक्षी १.६ मिलिमीटरपर्यंत झिजली कीं मोटारीचा टायर बाद समजतात. ट्रेलरच्या बाबतींत केवळ या कसोटीवर विसंबणें धोक्याचें आहे.

म्हणून टायर घेतांना पहिला प्रश्न किमतीचा नव्हे, वयाचा असावा. स्थळ पाहतांना आपण पत्रिका मागतों. टायरची पत्रिका त्याच्या बाजूवरच उमटविलेली असते. तेथील चार आंकड्यांपैकीं पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष दाखवितात. २३२५ म्हणजे २०२५ सालचा तेविसावा आठवडा. दुकानांत वर्षानुवर्षें पडून राहिलेला टायर ‘नवा’ म्हणून स्वस्तांत मिळाला, तरी तो घेऊं नये. ब्रिटनमध्यें अशीं फिरतीं घरें पुष्कळ. तेथें टायर पांच वर्षांनीं बदलावे आणि सात वर्षांपुढें मुळींच वापरूं नयेत, असा सल्ला देतात. आपल्या उन्हांत तरी याहून सवलत नको.

दुसरा प्रश्न भाराचा. टायरच्या मापाशेजारीं त्याचा भारांक लिहिलेला असतो. ९१ म्हणजे एका टायरास ६१५ किलो, ९४ म्हणजे ६७० आणि ९६ म्हणजे ७१० किलो. समजा, सामानासह ट्रेलरचें वजन १,२०० किलो आहे आणि त्यास दोन चाकें आहेत. प्रत्येकावर ६०० किलो, तेव्हां ९१ पुरेल असें वाटतें. परंतु स्वयंपाकाचा ओटा व गॅसची टाकी बहुधा एकाच अंगास असतात, आणि शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो! म्हणून ९६ किंवा त्याहून अधिक भारांकाचा टायर घ्यावा. मात्र तो चाकाच्या रिमला साजेसा असावा. त्याआधीं भरलेला ट्रेलर वजनकाट्यावर नेऊन खरें वजन जाणून घेणें उत्तम.

दोन्ही टायर एकाच वेळीं, एकाच बनावटीचे, आयएसआय खूण पाहून घ्यावे. रेडियल आणि नायलॉन यांची जोडी लावूं नये. जुन्या टायरवर नवें रबर चढविलेले रिट्रेड मालमोटारींच्या धंद्यांत चालतात, पण जेथें आंतलें रबरच वयानें खचतें तेथें ते नकोत. स्टेपनीहि त्याच मापाची व त्याच वयाची असावी. (हा शब्द वेल्समधील लानेली गांवच्या स्टेपनी रस्त्यावरून आला, १९०४ च्या सुमारास तेथें मोटारीचें जादा चाक तयार होऊं लागलें.) हवा टायर थंड असतांना, ट्रेलर बनविणाऱ्यानें सांगितलेल्या दाबाची भरावी. कमी हवेनें टायर अधिक दबतो, तापतो आणि शेवटीं फुटतो. चाक बदलल्यावर ऐंशी किलोमीटरांच्या आंत नट पुन्हां आवळून पाहावे.

ही सारी खरेदी शहादें, नंदुरबार वा धुळें येथेंच उरकावी. घाटाच्या पायथ्याशीं मिळेल तो टायर घेण्याची पाळी आणूं नये. आणि घरच्या जमाखर्चाच्या वहींत किमतीबरोबर ते चार आंकडेहि टिपून ठेवावे. पांच वर्षांनीं टायर अजून नवेच दिसतील. तेव्हां घरांतील कर्त्या माणसानें डोळ्यांपेक्षां वहीवर विश्वास ठेवावा.