सर्पाचे पाय आणि दूरचा हुकूम
सर्पाला पाय नाहीत, तेव्हा पाय घडविणारे जनुकच त्याने गमावले असावे, असा तर्क कोणीही करील. परंतु वस्तुस्थिती तशी नाही. ‘सॉनिक हेजहॉग’ हे काहीशा थट्टेखोर नावाचे जनुक सर्पांत शाबूत आहे, आणि ते असणे भागच आहे, कारण मेंदू व मज्जारज्जू यांच्या जडणघडणीचा कारभारही त्याच्याकडेच असतो. ते नष्ट झाले तर प्राणी जगणारच नाही. बिघाड झाला तो हुकुमात: जनुकापासून डीएनएची सुमारे दहा लाख अक्षरे दूर बसून, केवळ गर्भाच्या हातापायांच्या अंकुरांत त्यास जागृत करणारा जो ‘झेडआरएस’ नामक नियंत्रक तुकडा, त्यातील 17 अक्षरे सर्पवंशात गळून गेली. 2016 साली कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या संशोधकांनी उंदराच्या या तुकड्याच्या जागी सर्पाचा तुकडा बसविला, तेव्हा पिले खुंटलेल्या पायांची निपजली. अजगराच्या तुकड्यात ती 17 अक्षरे पुनः घालताच, आश्चर्य असे की, उंदरांचे पाय यथास्थित उगवले. खुद्द अजगराच्या गुदद्वारालगत मागील पायांचे नखासारखे अवशेष अद्यापि दिसतात, आणि मीलनसमयी नर त्यांचा उपयोगही करतो.