विद्यार्थी-प्रकल्पांतील विद्युतपुरवठ्याचे दोष : स्वरूप व निदान

प्रस्तावना

विज्ञान महाविद्यालयांतील आणि तंत्रनिकेतनांतील इलेक्ट्रॉनिक्सच्या विद्यार्थ्यांना अंतिम वर्षी एखादे उपकरण स्वतः बांधून सादर करावे लागते. या प्रकल्पांच्या तोंडी परीक्षेत एक प्रसंग वारंवार अनुभवास येतो. आदल्या रात्री सुरळीत चाललेले उपकरण परीक्षकांसमोर रिले ओढला जाताच थांबते, एलसीडीवर अर्थहीन चिन्हे उमटतात आणि मायक्रोकंट्रोलर पुन्हा पहिल्यापासून काम सुरू करतो. विद्यार्थी प्रोग्राममध्ये चूक शोधू लागतो. मार्गदर्शकही बहुधा तेच सुचवितात, कारण मल्टिमीटर लावून पाहिल्यास पुरवठा ‘पाच व्होल्ट’ असल्याचे दिसते. अशा वेळी निर्दोष प्रोग्राम आठवडाभर बदलला जातो आणि मूळ दोष तसाच राहतो. हा दोष पुष्कळदा पुरवठ्यात असतो व नेहमीच्या मोजणीत तो का सापडत नाही, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

सरासरीने झाकलेला दोष

विवेचनासाठी सर्वत्र आढळणारी रचना घेऊ : ९ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, चार डायोडचा ब्रिज, १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि ७८०५ हा रेग्युलेटर. चार रिले, एलसीडीचा मागील प्रकाश, संवेदक आणि मायक्रोकंट्रोलर मिळून अर्धा अँपिअर प्रवाह लागतो असे मानू.

९ व्होल्ट हे प्रभावी मूल्य होय. त्याचे शिखरमूल्य १२.७ व्होल्ट येते. ब्रिजमधील दोन डायोडांत सुमारे १.७ व्होल्ट खर्ची पडतात व कपॅसिटर ११ व्होल्टपर्यंत भारित होतो. आपल्याकडील पुरवठा ५० हर्ट्‌झचा असल्याने पूर्णतरंग दिष्टीकरणानंतर दर १० मिलीसेकंदांनी एक शिखर येते. दोन शिखरांमधील काळात सर्व प्रवाह एकट्या कपॅसिटरला पुरवावा लागतो. प्रवाहास काळाने गुणून धारितेने भागले की दाबातील घट मिळते. येथे ती ५ व्होल्ट येते. पुढील शिखरापूर्वीच डायोड वाहू लागत असल्याने प्रत्यक्षात ती ४ व्होल्टच्या आसपास राहते. म्हणजे रेग्युलेटरच्या प्रवेशाशी दाब ११ आणि ७ व्होल्टच्या दरम्यान झुलत असतो. ७८०५ ला स्थिर ५ व्होल्ट देण्यासाठी प्रवेशाशी किमान ७ व्होल्ट लागतात. रचना चालते, पण अगदी काठावर.

दुपारी परिसरातील भार वाढून मुख्य दाब २३० वरून २१० व्होल्टवर आला, तर काय होते? शिखर ९.९ व्होल्टवर आणि तळ ५.९ व्होल्टवर जातो. सेकंदाला १०० वेळा, प्रत्येक वेळी दोन-तीन मिलीसेकंद, रेग्युलेटरचे नियमन सुटते व निर्गत दाब ४ व्होल्टपर्यंत घसरतो. एटी८९एस५२ या मायक्रोकंट्रोलरची कार्यमर्यादा ४ ते ५.५ व्होल्ट आहे. त्यात रिलेच्या ओढीची भर पडली की मर्यादा ओलांडली जाते. मल्टिमीटर मात्र सरासरी दाखवितो आणि ती ४.८ ते ४.९ व्होल्ट भरते. विद्यार्थ्यास व शिक्षकास हे वाचन निर्दोष वाटणे स्वाभाविक आहे. रात्री, मुख्य दाब चढलेला असताना, तेच उपकरण खरोखरच बिनचूक चालते. तेव्हा ‘काल चालत होते’ हे विद्यार्थ्याचे विधान सबब मानून सोडून देण्यापेक्षा निदानाचा धागा मानणे अधिक उपयुक्त ठरते.

कपॅसिटर २२०० मायक्रोफॅरडचा घेतल्यास घट १.८ व्होल्टवर येते, आणि २१० व्होल्टच्या पुरवठ्यावरही तळ ८ व्होल्टच्या वर राहतो. दुरुस्ती इतकी लहान आहे.

उष्णतेचा प्रश्न

पुष्कळ विद्यार्थी याऐवजी १२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लावतात. नियमन सुटत नाही. मात्र रेग्युलेटरवर सरासरी ९ व्होल्ट पडून ४.५ वॅट उष्णता निर्माण होते. उष्णताशोषक पट्टी नसताना या आकाराच्या घटकाचे तापमान दर वॅटला सुमारे ६५ अंश सेल्सिअसने चढते. त्यामुळे आतील संरक्षक मंडल पुरवठा तोडते, घटक निवतो, पुन्हा जोडते. दोष चालू करताक्षणी न येता काही मिनिटांनी येणे, ही याची खूण होय. ९ व्होल्टच्या रचनेतही सुमारे २ वॅट खर्च होतात. पट्टी तेथेही टाळता येत नाही.

मध्य अग्र असलेला १२-०-१२ ट्रान्सफॉर्मर घेऊन त्याची दोन्ही टोके ब्रिजला जोडण्याची चूकही आढळते. कपॅसिटरवर ३२ व्होल्टहून अधिक दाब येतो. २५ व्होल्टचा कपॅसिटर फुगतो, क्वचित फुटतो, आणि ७८०५ ची ३५ व्होल्टची मर्यादाही फार दूर राहत नाही.

जोडणीतील दोष

पुरवठा निर्दोष असूनही तो मायक्रोकंट्रोलरपर्यंत निर्दोष पोहोचतोच असे नाही. रिले, मोटर आणि मायक्रोकंट्रोलर यांची भू-जोडणी ब्रेडबोर्डच्या एकाच बारीक तारेतून नेली, तर त्या तारेच्या रोधावर पडणारा दाब थेट मायक्रोकंट्रोलरच्या पुरवठ्यातून वजा होतो. तार व संपर्क मिळून ०.२ ओहम रोध असेल, तर २ अँपिअरला ०.४ व्होल्ट जातात. हा प्रवाह अतिशयोक्त नाही : मोबाइल संदेश पाठविणारे जीएसएम मॉड्यूल प्रक्षेपणाच्या वेळी साधारण ०.५८ मिलीसेकंदाच्या झटक्यांत २ अँपिअरपर्यंत प्रवाह ओढते आणि हे झटके दर ४.६ मिलीसेकंदांनी येतात. येथेही मल्टिमीटर निरुपयोगी ठरतो. जाड व स्वतंत्र तारा, आणि मॉड्यूलच्या अगदी जवळ मोठा कपॅसिटर, हा त्यावरील उपाय. रिलेच्या वेटोळ्यास उलटा डायोड नसल्यास प्रवाह तुटताना उमटणारा दाबाचा काटाही असाच उपद्रव करतो. तो डायोड आकृतीत असतो आणि पट्टिकेवर नसतो, असे अनेकदा दिसते.

तपासणीचा क्रम

प्रथम मायक्रोकंट्रोलर खोबणीतून काढून ठेवावा. पुरवठ्यास १० ओहम, ५ वॅटचा रोधक जोडल्यास अर्ध्या अँपिअरचा कृत्रिम भार मिळतो व प्रोग्रामचा प्रश्नच उरत नाही. बिनभार मोजलेला दाब जवळजवळ काहीच सांगत नाही. भार असताना कपॅसिटरच्या टोकांवर ऑसिलोस्कोप लावावा. १०० हर्ट्‌झची करवतीसारखी आकृती दिसेल. तिचा तळ ७ व्होल्टच्या खाली जातो काय, एवढेच पाहावयाचे. आकृती ५० हर्ट्‌झची असल्यास ब्रिजमधील डायोड खुला आहे किंवा त्याचा टाका सुटलेला आहे. नंतर रेग्युलेटरच्या निर्गताशी आणि शेवटी, मायक्रोकंट्रोलर परत बसवून रिले चालू-बंद करीत, थेट त्याच्या पायांवर मापन करावे (एटी८९एस५२ च्या चाळीस पायांच्या रूपात ४० व २० क्रमांकाचे पाय). रेग्युलेटरपाशी दाब योग्य आणि पायांवर कमी असेल, तर दोष तारांत आहे.

मुख्य पुरवठ्याची बाजू

वरील सर्व मापने ट्रान्सफॉर्मरने विलग केलेल्या बाजूची आहेत. काही विद्यार्थी खर्च वाचविण्यासाठी कपॅसिटर मालिकेत लावून २३० व्होल्टवरून थेट कमी दाब मिळविणारी मंडले वापरतात. त्यांत विलगीकरण मुळीच नसते. ५ व्होल्टची म्हणून हाताळलेली तार प्रत्यक्षात फेजशी जोडलेली असू शकते. ऑसिलोस्कोपच्या शोधणीची चिमटी भूसंपर्कित असल्याने ती अशा मंडलास लावताच लघुपथन होऊ शकते. ते टाळण्यासाठी ऑसिलोस्कोपचा भूसंपर्क तोडण्याची काही प्रयोगशाळांतील प्रथा त्याहून घातक आहे, कारण मग उपकरणाचे धातूचे आवरणच २३० व्होल्टवर येते. उघड्या पट्टिकेच्या आणि हाताने स्पर्श करावयाच्या प्रकल्पांत अशा मंडलांना मार्गदर्शकांनी आराखड्याच्या टप्प्यावरच संमती नाकारावी. ट्रान्सफॉर्मरच्या प्राथमिक बाजूस फ्यूज आणि टाक्यांवर निरोधक नळी असल्याशिवाय पट्टिका प्रथम चालू करू देऊ नये.