दगडातले सात वार

गेल्या वर्षी धाकट्या बहिणीकडे इंग्लंडला गेले होते. एका रविवारी ती मला बकिंगहॅमशायरमधल्या 'स्टो' या जुन्या सरदारी हवेलीची बाग दाखवायला घेऊन गेली. तिथे झाडांच्या राईत सात दगडी मूर्ती गोलाकार उभ्या होत्या.

"ताई, ओळख बघू!" बहीण म्हणाली. मला काही केल्या ओळखता येईनात.

"अगं, हे सात वार आहेत!"

खरंच की! छातीशी सूर्यबिंब धरलेला सुन्ना म्हणजे संडे, मोना म्हणजे चंद्र, मंडे. अगदी आपले रविवार-सोमवारच! मग टिव, वोडन, गडगडाटाचा देव थुनर आणि शेवटचा सीटर्न. मी रेंगाळले ती मात्र फ्रिगापाशी. ही फ्रायडेची देवी. आपणही श्रावणातल्या शुक्रवारी जिवतीला पुरणाचा नैवेद्य दाखवतो. इतक्या लांब, परक्या बागेत शुक्रवार देवीचाच निघाला, याची मोठी गंमत वाटली.

ख्रिस्ती होण्यापूर्वी सॅक्सन लोक ज्यांना भजत, ते हे देव. लॉर्ड कोबम यांनी 1730 च्या सुमारास शिल्पकार रिसब्रॅक यांच्याकडून ते घडवून घेतले. पुढे घराण्याला कर्जाने घेरलं. 1848 मध्ये घरातल्या सामानाचा लिलाव चाळीस दिवस चालला होता म्हणे! 1921 मध्ये हवेलीच विकली गेली, तेव्हाच्या विक्रीत हे सात देवही पांगले. 1923 पासून हवेलीत शाळा आहे. सुन्ना आणि थुनर यांच्या मूळ मूर्ती आता लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट म्युझियमकडे आहेत. बागेत उभ्या आहेत त्या प्रतिकृती.

हे ऐकलं आणि पोटात कालवलं. माहेरचा वाडा पाडला तेव्हा अंगणातलं दगडी तुळशीवृंदावन कुठे गेलं, हे आम्ही बहिणींनी विचारलंसुद्धा नाही. आजी रोज संध्याकाळी तिथे दिवा लावायची. त्याचा साधा फोटोही आमच्याकडे नाही.

"आपल्याला प्रतिकृती करायची म्हटली, तर कशावरून करणार गं?" मी विचारलं. बहीण काहीच बोलली नाही.

मैत्रिणींनो, तुमच्या दारात जुनं वृंदावन असेल, गावाच्या वेशीवर वीरगळ असेल, तर आजच त्याचा फोटो काढा. घरातल्या वडीलधाऱ्यांना त्याची हकिकत विचारा आणि वहीत लिहून ठेवा. दगड टिकतो हो. सांगणारं माणूस टिकत नाही.