बोअर जुळला म्हणजे काडतूस जुळले असे नाही

घरातले वडीलधारे गेल्यावर कपाटातून जुनी लष्करी रायफल आणि सोबत मूठभर पितळी काडतुसे निघाली, की पहिला प्रश्न येतो तो ‘ही अजून चालते का?’ असा. भिवंडीत काय किंवा वाडा-शहापूरकडे काय, बंदुकीचे ज्ञान बहुतेकांकडे बोअरच्या आकड्यापुरतेच असते. .३०३ रायफलीला .३०३ काडतूस, म्हणजे काम झाले. माझे म्हणणे असे, की हा आकडा फक्त सुरुवात सांगतो. काडतूस निर्धोक आहे की नाही, हे त्या एका रायफलीची आजची अवस्था, त्या काडतुसाचा प्रकार आणि त्याचे वय या तिन्ही गोष्टी पाहिल्यावरच ठरते. यातल्या एकीबद्दलही शंका असेल, तर चाप ओढू नये.

आकडा किती फसवतो, याची उत्तम उदाहरणे आपल्याच देशात आहेत. बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्यात .३०३ रायफलींच्या नळ्या बदलून पोलिसांसाठी आणि पहारेकऱ्यांसाठी .४१० बोअरचे मस्केट बनवले गेले. त्याचे काडतूस म्हणजे .३०३ चेच कवच, फक्त मान न आवळलेले. दुकानात मिळणारे .४१० चे छऱ्यांचे काडतूस मापाने निराळे आहे, नाव मात्र तेच. नागरिकांसाठी बनलेली .३१५ रायफलही बाहेरून .३०३ ची बहीणच वाटते, कारण दोघींची बोल्टची रचना ली-एनफिल्डचीच. काडतूस मात्र संपूर्ण वेगळे. १९६२ च्या युद्धानंतर इशापूरने त्याच घडणीची ७.६२ मिलिमीटरची रायफल काढली, तेव्हा जास्त दाब सोसण्यासाठी पोलादही बदलले. दिसायला सारख्या म्हणून .३०३ आणि ७.६२ या दोन रायफलींची ताकद एकच धरणे धोक्याचे आहे. खुद्द .३०३ मध्येसुद्धा भेद आहेत. १९१० पासून चालत आलेली मार्क ७ ची गोळी १७४ ग्रेनची. पुढे आलेली मार्क ८ झेड ही मुख्यतः व्हिकर्स मशीनगनसाठी होती. तिचा दाब जास्त आणि नळीची झीजही जास्त. म्हणून काडतुसाचे बूड भिंगाखाली वाचावे: ‘के एफ’ ही अक्षरे म्हणजे १८६९ पासूनचा खडकीचा दारूगोळा कारखाना, शेजारी सालाचे आकडे आणि मार्कचा क्रमांक.

यावर हमखास येणारा आक्षेप असा, की या रायफली दोन महायुद्धे लढल्या, २००८ च्या मुंबईवरच्या दहशतवादी हल्ल्यात सीएसटीवरच्या पोलिसांच्या हातातही .३०३ होत्या, मग त्यांना काय होणार? रायफल मजबूत होती, हे खरेच. पण तिची कसोटी लागली ती ती घडली तेव्हा. बोल्टचे तोंड आणि काडतुसाचे बूड यांच्यामधली मोकळीक, जिला जाणकार हेडस्पेस म्हणतात, झिजेने वाढते. ती वाढली की बार उडताना कवच ताणले जाते, प्रसंगी तुटते आणि तापलेला वायू नेमबाजाच्या तोंडाकडे मागे येतो. बोल्टवरचा आणि रिसीव्हरवरचा अनुक्रमांक वेगळा असेल, तर बोल्ट दुसऱ्या रायफलीचा आहे असे समजावे आणि गेज लावून तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. दोन एकसारख्या यंत्रमागांत झिजलेला भाग अदलाबदल करून चालत नाही, हे भिवंडीकरांना वेगळे सांगायला नको.

दुसरा आक्षेप काडतुसांच्या वयाचा: परवाची एक उडाली, म्हणजे उरलेलीही चांगली. हा पुरावा फार लंगडा आहे. एकाच पेटीतली काडतुसे वेगवेगळ्या रीतीने खराब होतात. कुठे कवचाच्या मानेला बारीक चीर पडते, कुठे बुडातली दारू पेटवणारी टोपी हिरवी पडते, कुठे चाप ओढल्यावर क्षणभर थांबून बार उडतो. असा उशीर झाला तर नळी सुरक्षित दिशेलाच ठेवून थांबावे, लगेच बोल्ट उघडू नये. शिवाय जुन्या टोप्यांमधल्या पोटॅशियम क्लोरेटचे बार उडाल्यावर क्षार होतात आणि ते हवेतला ओलावा ओढतात. कोकणपट्टीच्या पावसाळ्यात अशी नळी नुसत्या तेलाने वाचत नाही. आधी गरम पाण्याने क्षार धुवावे लागतात, मग कोरडी करून तेल. घरी दारू कमी करून काडतूस पुन्हा भरण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मुळीच ऐकू नये. परवान्याशिवाय ते बेकायदा आहे आणि मापाचा अंदाज चुकला तर जिवावर बेतते.

कायदाही स्पष्ट आहे. .३०३, ७.६२ आणि .४१० मस्केट हे प्रतिबंधित बोअर आहेत, आणि १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार नुसती काडतुसे जवळ ठेवायलाही परवाना लागतो. परवानाधारक वारला, तर वारसांनी शस्त्र आणि काडतुसे विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची असतात. तेव्हा कपाटातून असे काही निघाले, तर बार काढून पाहू नका, काडतुसे कचऱ्यात किंवा खाडीत टाकू नका. आधी पोलीस ठाण्याला फोन करा, आणि ते सांगतील तसे शस्त्र जमा करा.