डेटाबेस प्रणालीच्या फ्रंट एंडसाठी विकसन साधनाची निवड

प्रस्तावना :
ग्रंथालयातील देवघेव, प्रवेश अथवा शुल्कनोंद यांसाठी संगणक प्रणाली तयार करताना तिचे दोन भाग पडतात. माहिती साठवणारा डेटाबेस हा बॅक एंड, तर वापरकर्त्यासमोर येणारे फॉर्म व अहवाल म्हणजे फ्रंट एंड होय. फ्रंट एंडचे साधन निवडताना केवळ विकसनाची सुलभता पाहणे पुरेसे नाही. त्यासाठी पुढील तीन निकष महत्त्वाचे ठरतात.

१) एकाच वेळचा वापर :
मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेसमध्ये फॉर्म व अहवाल अल्पावधीत तयार होतात. तथापि त्याच्या एका फाइलची कमाल मर्यादा २ जीबी आहे. शिवाय सामायिक फोल्डरमधील फाइलवरील प्रक्रिया प्रत्येकाच्या संगणकावर होते. नोंद लिहिली जात असताना नेटवर्क खंडित झाल्यास फाइल बिघडू शकते. पोस्टग्रेएसक्यूएलसारखा डेटाबेस सर्व्हर ही प्रक्रिया स्वतः करतो व अपूर्ण राहिलेला व्यवहार मागे घेतो. अ‍ॅक्सेसचे फॉर्म ओडीबीसीद्वारे अशा सर्व्हरला जोडता येतात.

२) देवनागरीची सोय :
१९९८ मध्ये आलेल्या व्हिज्युअल बेसिक ६.० मधील मूळ नियंत्रणे युनिकोड देवनागरी दाखवू शकत नाहीत. परिणामी मराठी नावांसाठी विशिष्ट फॉन्टच्या संकेतांचा आश्रय घ्यावा लागे. अशा नोंदी तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर वाचता येत नाहीत व त्यांचा वर्णानुक्रमही बिनचूक लागत नाही. जावा, सी शार्प व ब्राउझरवर आधारित साधनांत ही अडचण नाही.

३) साधनाचे आयुष्य :
व्हिज्युअल बेसिक ६.० च्या विकसन साधनाचे तांत्रिक साहाय्य एप्रिल २००८ मध्ये, तर व्हिज्युअल फॉक्सप्रो ९.० चे जानेवारी २०१५ मध्ये संपले. विद्यार्थ्याच्या गुणांची नोंद मात्र त्याला अनेक दशकांनंतरही लागू शकते. माहितीचे आयुष्य साधनापेक्षा दीर्घ असते, हे येथे ध्यानात घ्यावे लागते.

निष्कर्ष :
एका विभागाच्या मर्यादित कामासाठी अ‍ॅक्सेस अथवा मुक्त स्वरूपातील लिबरऑफिस बेस पुरेसे ठरते. अनेक विभागांनी एकाच वेळी वापरावयाच्या प्रणालीसाठी डेटाबेस सर्व्हर व पीएचपी किंवा पायथॉनवर आधारित, ब्राउझरमध्ये चालणारा फ्रंट एंड अधिक योग्य होय. दोन्ही बाबतींत माहितीच्या अचूकतेचे मूलभूत नियम फॉर्ममध्येच न ठेवता डेटाबेसमध्येही नोंदवावेत आणि प्रणालीची आज्ञावली व दस्तऐवज संस्थेकडे जतन करावेत. असे केल्यास साधन कालबाह्य झाले अथवा विकसक अन्यत्र गेला, तरी केवळ फ्रंट एंड बदलावा लागतो. नोंदी सुरक्षित राहतात.