ध्रुवीय बर्फाखालचं शैवाल : गैरसमज आणि वस्तुस्थिती

वसंत ऋतूत आर्क्टिक समुद्रावरच्या बर्फाचा तुकडा उलटा करून पाहिला, तर खालची बाजू बऱ्याचदा तपकिरी निघते. तो मळ नव्हे; तो आहे डायटम या एकपेशीय शैवालांचा थर. त्यांच्यातल्या फ्युकोझँथिन या रंगद्रव्यामुळे हिरवा रंग झाकला जातो.

गैरसमज : समुद्री बर्फ म्हणजे घट्ट, निर्जीव लादी.
वस्तुस्थिती : समुद्राचं पाणी उणे १.८ अंश सेल्सिअसच्या आसपास गोठतं. बर्फाच्या स्फटिकांत मीठ मावत नाही, म्हणून अतिखारट पाणी बारीक बारीक नळ्यांमध्ये अडकून राहतं. शैवालाचं बिऱ्हाड याच नळ्यांत असतं. काही डायटम बर्फाला चिकटणारी प्रथिनं सोडतात आणि स्फटिकांची वाढ रोखून धरतात.

गैरसमज : जवळपास अंधारच असतो, तिथे काय उगवणार?
वस्तुस्थिती : २०१९-२०मध्ये ‘पोलारस्टर्न’ हे जर्मन संशोधन जहाज मुद्दाम बर्फात गोठवून वाहू दिलं होतं. मार्च २०२०च्या अखेरीस, ध्रुवीय रात्र संपून थोडेच दिवस झाले होते आणि वर हिमाच्छादित बर्फ होता, तरीही खालच्या पाण्यात सूक्ष्मशैवाल वाढू लागल्याचं तिथे आढळलं.

गैरसमज : एवढ्याशा जिवानं काय फरक पडतो?
वस्तुस्थिती : मेलोसिरा आर्क्टिका या डायटमच्या पेशी साखळ्या करतात आणि बर्फाच्या तळाशी मीटरभराहूनही लांब झिपऱ्या लोंबू लागतात. २०१२च्या उन्हाळ्यात सागरी संशोधक आंत्ये बोएटियस यांच्या पथकाला सुमारे ४,००० मीटर खोल समुद्रतळावर या शैवालाचे गोळे पडलेले दिसले. समुद्रकाकड्या ते खात होत्या. अंटार्क्टिकात कोळंबीसारख्या क्रिलची पिल्लं हिवाळ्यात बर्फाखालच्या शैवालावर तगतात, आणि क्रिलवर पेंग्विन, सील, देवमासे जगतात.

गैरसमज : बर्फ वितळला की ऊन वाढेल, शैवालही वाढेल, मग बिघडलं कुठे?
वस्तुस्थिती : खुल्या पाण्यातलं शैवाल वाढूही शकतं, पण ते उशिरा येतं. कॅलॅनस ग्लेशिॲलिस या इवल्या कवचधारी जिवाच्या माद्या बर्फातलं शैवाल खाऊन अंडी घालतात. पिल्लं खाऊ लागतात तोवर पाण्यातलं शैवाल बहरात आलेलं असतं. बर्फ लवकर गेला तर हे वेळापत्रक कोलमडतं. त्या पिल्लांवर ध्रुवीय कॉड मासे पोसतात, कॉडवर सील आणि सीलवर पांढरी अस्वलं. अस्वलांची काळजी करायची, तर ती बर्फाखालच्या या तपकिरी थरापासूनच करायला हवी.